दहावी खुंटी

निकानोरमास्तर तोंडात स्क्रू धरायचे. नऊच्या नऊ, ओठांच्या मधे, डोकी बाहेर आणि टोकं आत. मला त्याचा भयंकर राग यायचा. "अहो मास्तर, गिऱ्हाईक बघतंय! कॉम्प्युटर बांधताय की घागरा शिवताय?" असं मी गल्ल्यावरून ओरडायची. ते मान न उचलता नुसतं "हं" म्हणायचे. तोंडात नऊ स्क्रू असल्यावर माणूस आणखी काय बोलणार? तोंड रिकामं असतानाही ते फारसं वेगळं बोलायचे नाहीत, ही गोष्ट निराळी.

मी बेनिग्ना. ला पास शहरात, एका उतारावरच्या गॅलरीत, म्हणजे दुकानांनी भरलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी फाटक्या तोंडाची बाई, हे मीच सांगते, दुसऱ्याला कष्ट नकोत. या एवढ्या तोंडातून एक वाक्य तीन वर्षं बाहेर पडलं नाही, त्याची ही हकिगत. सांगताना आजही माझे कान गरम होतात.

मास्तर मूळचे भरतकाम करणारे. जत्रेत नाचणाऱ्यांचे पोशाख भरायचे, मखमलीवर टिकल्या, आरसे, जरीचे साप. टाचण्या ओठांत धरायची सवय तिथली. मालकाने कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आणलं तेव्हा सहा माणसं घरी बसली. मास्तर राहिले, कारण ते मशीन अडलं की उघडून बघायची हिंमत त्यांच्या एकट्याच्यात होती. पुढे मशीन विकलं गेलं, कारखानाही बसला, आणि एका सकाळी हा माणूस टोपी हातात घेऊन माझ्या दुकानासमोर उभा. "बाई, मला उघडता येतं आणि परत लावता येतं. एक टेबल द्या."

"टेबल देते," मी म्हटलं. "पण सुई-दोरा इथे चालायचा नाही."

त्यांनी सुई आणली नाही. टाचण्यांची गादी मात्र आणली, आणि टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये, एवढंच काय ते या कामात सांभाळायचं असतं. म्हणून पत्र्यावर आधी बोटाच्या पेराहून लहान पितळी खुंट्या पिळून बसवतात, बोर्डाच्या प्रत्येक भोकाखाली एक. त्यांच्यावर बोर्ड ठेवायचा आणि वरून स्क्रू मारायचे. बोर्डाला नऊ भोकं, तर खुंट्या नऊ. पत्र्यात मात्र जागा वीसेक असतात, कारण बोर्ड हरतऱ्हेच्या मापाचे येतात. चुकून दहावी खुंटी राहिली, तर ती बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला, म्हणजे धातूच्या जोडांना, टेकते, वीज नको तिथून पळते आणि बोर्ड जळतो. आमच्या गॅलरीत नवख्या माणसाची चूक म्हणजे ही.

बाकीची मंडळी नजरेनेच खुंट्या बसवतात. मास्तरांचा नजरेवर भरवसा नव्हता. कापड बेतावं तसा ते आधी कागद बेतायचे. बोर्डावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, भोकं उमटली की ती कातरीने गोल कापायची, मग कागद कॅबिनेटात पसरायचा आणि भोक दिसेल तिथेच खुंटी लावायची. काम झालं की कागदावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून तो खणात. "एवढा पसारा कशाला हो?" मी करवादायची. "उद्या तो माणूस परत आला, तर त्याचं माप आपल्याकडे असावं," ते म्हणायचे.

अकरा वर्षांत त्यांनी बांधलेलं एकही मशीन परत आलं नाही. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. शेफारतील, असं मनात म्हणायची. शेफारणारा माणूसच नव्हता तो.

मास्तरांचं गाव चोकेपाता, तळ्याच्या काठी. तिथे त्यांची आई पेत्रोना एकटी राहायची, ऐंशीच्या पुढची. आमच्याकडे गावात जमीन असणाऱ्या प्रत्येकाने एक वर्ष गावाचं कारभारपण करायचं असतं, मग तो कुठेही राहत असो. मास्तरांची पाळी दोनदा आली आणि दोनदा हुकली. एकदा कारखान्याने सोडलं नाही, एकदा बायको आजारी होती, ती त्यातच गेली. गाव असल्या सबबी ऐकत नाही. पेत्रोनाचा मुलगा शहराचा झाला, आपला राहिला नाही, असं ठरून गेलं. म्हातारी पाण्याला गेली की तिच्या कानावर पडेल अशा बेताने बायका बोलायच्या.

मग चोकेपाताने स्वतःचा रेडिओ काढायचं ठरवलं. एक खोली, एक खांब, आणि एक कॉम्प्युटर. रेडिओचा प्रमुख सेवेरो नावाचा, हातवारे करत बोलणारा माणूस, तो माझ्या दुकानात आला आणि मास्तरांना बघून थबकला. "अरे, तू पेत्रोनाचा ना?"

मास्तरांनी तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले. अकरा वर्षांत गिऱ्हाइकासाठी त्यांनी स्क्रू काढलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "सेवेरो, भाग बाईंकडून घ्या. बांधणावळ नको. माझी पाळी राहिलीय, ती यात धरा."

सेवेरोने त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "धरली. उद्घाटनाला आईला पुढे खुर्ची टाकतो. आणि पहिलं वाक्य काय जाईल माहितेय? हे यंत्र आपल्या पेत्रोनाच्या निकानोरने बांधलं!"

मास्तर "हं" म्हणाले, पण त्या दिवशी ते चक्क शीळ घालत होते. संध्याकाळी आईचा फोन आला. म्हातारी फोनवर एरवी एकच प्रश्न विचारायची, "जेवलास का?", आणि उत्तर आलं की फोन ठेवून द्यायची. त्या दिवशी ती इतकं बोलली की मास्तर फोन या कानावरून त्या कानावर घेत होते. कोणती घेरदार पोलेरा नेसू, टोपी नवी घेऊ का, खुर्ची पाठीची असेल का. मी ऐकत होते आणि मला हसू येत होतं.

मशीन कार्निव्हलच्या मंगळवारी पुरं होत आलं. तो दिवस चाल्लाचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी कागदी माळा घालायच्या, फुलांच्या पाकळ्या आणि चकचकीत कागदाच्या चांदण्या उधळायच्या, वर बियर शिंपडायची. पहिला घोट धरणीमायचा, दुसरा वस्तूचा, मग आपला. सगळी गॅलरी सकाळपासून भिजली होती. मी शेजाऱ्यांबरोबर चार ग्लास रिचवले होते, खोटं कशाला बोलू?

मास्तरांना आईसाठी टोपी आणायला जायचं होतं. मशीन टेबलावर आडवं, पोट उघडं, झाकण बाजूला. जाताना ते म्हणाले, "बाई, झाकण लागेपर्यंत चाल्ला नको. मी येतो, एकदा बघतो, मग करू."

"जा हो, मला काय कळत नाही?" मी म्हटलं.

ते जिना उतरले आणि पाचव्या मिनिटाला मला राहवेना. गावाचा रेडिओ, एवढं मानाचं यंत्र, आणि त्याला वरवर पाणी दाखवल्यासारखा चाल्ला करायचा? धरणीमायने आतून आशीर्वाद द्यायला हवा, असं माझ्या त्या भिजलेल्या डोक्याने घेतलं. मी ग्लासातली बियर बोटांनी उघड्या पोटात शिंपडली. मूठभर पाकळ्या आणि चांदण्या टाकल्या. "भरपूर बोल गं बाई," असं त्या मशीनला म्हटलंसुद्धा. मग भानावर आले. फडक्याने पुसलं, फुंकून काढलं, हाताला लागल्या तेवढ्या चांदण्या वेचल्या, आणि घाईघाईने झाकण लावून टाकलं.

मास्तर टोपीचा डबा घेऊन आले. "झाकण कुणी लावलं?"

"मी. चारही स्क्रू घट्ट आहेत."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "एकदा बघतो."

"म्हणजे अकरा वर्षांत माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" मी आवाज चढवला. आवाज चढवला की लोक गप्प बसतात, हे मला आयुष्यभर ठाऊक आहे. मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मशीन चालू करून बघितलं, ते छान चाललं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला कागदी माळ घातली.

रविवारी उद्घाटन झालं. मी गेले नव्हते, नंतर ऐकलं ते सांगते. मिनीबसमध्ये चार तास हादरे खात मशीन पोचलं. म्हातारी नव्या टोपीत पुढच्या खुर्चीवर. सेवेरोने माइक हातात घेतला, "हे यंत्र" एवढंच म्हणाला, आणि कॅबिनेटातून धूर आला. पडदा काळा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "निकानोर, बटणं शिवायची राहिली वाटतं!" आणि लोक हसले. म्हातारी खुर्चीवरून उठली नाही. सगळे पांगल्यावर तिनेच ती खुर्ची उचलून आत ठेवली म्हणे.

सोमवारी सेवेरो आणि मास्तर मशीन घेऊन दुकानात आले. मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्यांना तपासायचा मीटर आणायला वरच्या मजल्यावर पाठवलं, सेवेरो जिन्यात फोनवर बोलत उभा राहिला, आणि मी मशीन उघडलं. नऊ स्क्रू काढले, बोर्ड उचलला.

पत्र्यावर बियरचा चिकट डाग होता. त्यात चंदेरी वर्खाच्या कागदाची एक चांदणी, अर्धी जळून काळी झालेली. दुकानात ती मुकाट पडून राहिली असणार, रस्त्याच्या हादऱ्यांनी उठून बोर्डाच्या पाठीला चिकटली असणार.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते शेंबडं पोरही सांगेल. सेवेरोला हाक मारायची आणि म्हणायचं, दादा, माझी चूक. एवढंच. पण जिन्यात गॅलरीतले चार जण कान टवकारून उभे होते. बेनिग्नाने बियर पिऊन गिऱ्हाइकाचं मशीन जाळलं, हे संध्याकाळपर्यंत खालपासून वरपर्यंत झालं असतं. मी ओल्या फडक्याने डाग पुसला. चांदणी झाडून खाली टाकली. मग डबीतून एक पितळी खुंटी काढली आणि जिथे भोक नाही अशा जागी पत्र्यात पिळून बसवली. तीन वेढे. हात जरासुद्धा थरथरला नाही, त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

"सेवेरो, बघा इकडे," मी हाक मारली. "दहावी खुंटी राहिलीय खाली. माणसाचा हात आहे, चुकतो."

मास्तर मीटर घेऊन आले ते नेमके तेव्हा. त्यांनी त्या खुंटीकडे पाहिलं. बोट लावलं. खुंटी नवी कोरी, लखलखीत. जळाल्याची खूण नाही. मग त्यांनी बोर्ड हातात घेऊन उलटा केला, नखाने पाठ खरवडली, बराच वेळ. मी गल्ल्यातली नाणी उगीच इकडची तिकडे करत होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते, भांडण मला येतं. त्यांनी नुसतं पाहिलं.

"तुझ्या हातून राहिली?" सेवेरोने विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून."

मी नवा बोर्ड काढून सेवेरोला तसाच देऊन टाकला. "गावाच्या कामाला माझ्याकडून," असं वर तोंड करून म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका नजरेने बसवणाऱ्याने तो बसवला. चोकेपाता रेडिओ सुरू झाला, आणि पहिल्याच दिवशी बेनिग्नाबाईंचे जाहीर आभार मानले गेले. महिनाभराने गावाने मला चुन्योचं, म्हणजे सुकवलेल्या बटाट्याचं, पोतं पाठवलं. मी ते सहा महिने शिजवून खाल्लं.

महिनाअखेरीस मास्तरांनी टाचण्यांची गादी कोटाच्या खिशात टाकली. "बाई, वर पठारावर, एल आल्तोत, भरतकामाचं काम मिळतंय. डोळे आहेत तोवर करतो."

"का हो? इथे काय कमी आहे?" मी विचारलं. विचारलं मी! कोणत्या तोंडाने विचारलं, देव जाणे.

"काही नाही," ते म्हणाले. टोपी घातली आणि गेले.

तीन वर्षं गेली. मी स्वतःची समजूत घालण्यात पटाईत झाले होते. मास्तरांना काही कळलं नसेल, असं म्हणायची. कळलं असतं तर बोलले असते, असंही म्हणायची. मग यंदा कार्निव्हलच्या आधी मास्तरांचं ते टेबल काढून नवीन कपाट घ्यायचं ठरवलं, आणि खण उपसला. आत बेताच्या कागदांचा गठ्ठा, प्रत्येकावर नाव. सर्वांत वर चोकेपाता रेडिओ. नऊ भोकं गोल कापलेली. आणि जिथे मी दहावी खुंटी पिळली होती, नेमकी त्या जागी, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: इथे नको. हे त्यांनी मशीन बांधतानाच लिहिलं असणार. पण त्याच्या शेजारी एक टाचणी खोचली होती, आणि टाचणीत एक चांदणी होती. अर्धी जळालेली, मी झाडून खाली टाकली होती तीच, नाहीतर बोर्डाच्या पाठीवर राहिलेली तिची बहीण.

मी खाली बसले. गिऱ्हाईक समोर उभं राहून "बाई, बाई" करत होतं, त्याला मी जायला सांगितलं.

त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. हातात पुरावा होता आणि त्यांनी तो माझ्याच खणात ठेवून दिला. माझ्यासाठी तो कागद ठेवला, की नुसतं गिऱ्हाइकाचं माप म्हणून सवयीने ठेवला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एल आल्तोला गेले. भरतकामाच्या कारखान्याच्या खिडकीतून मास्तर दिसले. केस पांढरे झाले होते, ओठांत टाचण्या, मांडीवर मखमल. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. माफी मागितली असती तर ते "हं" म्हणाले असते आणि मी हलकी होऊन घरी आले असते. तेवढ्यावर सुटायचा मला हक्क नव्हता. त्यांचं नाव गेलं होतं चोकेपातात, तर सांगायचंही तिथेच.

मिनीबसमधून उतरले आणि चौकात बीन्स विकणाऱ्या बाईला विचारलं, "पेत्रोनाआजींचं घर कुठे?"

"कुठली पेत्रोना? दहाव्या खुंटीची?" ती हसली. "त्या निळ्या दाराचं. पण म्हातारी फार बोलत नाही हं कुणाशी."

मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वेढ्यांत पिळलेली माझी खुंटी तीन वर्षं एका म्हातारीच्या नावाला टोचत होती.

आधी रेडिओत गेले. सेवेरोने ओळखलं, उठून खुर्ची दिली, "या या, आमच्या उपकारकर्त्या!" म्हणाला. मी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याचे हातवारे थांबले. "तीन वर्षं आम्ही त्याला सणाला बोलावलं नाही," तो हळू म्हणाला. "तुम्हाला पोतं पाठवलं, आणि त्याला साधं बोलावणंही नाही." मग त्याने माइक माझ्याकडे सरकवला. "मला नका सांगू. इथे सांगा."

हरवलेल्या मेंढीची जाहिरात झाली, गुरांच्या लसीची झाली, मग मी. नाव सांगितलं, बियर सांगितली, चांदणी सांगितली, खुंटी सांगितली. गावाची भाषा आयमारा, माझी ती मोडकीतोडकी, पण ऐकणाऱ्याला कळावं इतकी आहे. बोलून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मी निळ्या दाराकडे चालू लागले. वाटेत बायका दारात येऊन माझ्याकडे बघत होत्या, एक तर थुंकली. चालेल, म्हटलं. म्हातारीने ऐकलं असेल, आता फक्त पाया पडायचं.

पेत्रोनाआजी अंगणात उन्हाला बसून शेंगा सोलत होती. "कोण गं तू?"

"मी बेनिग्ना. तुम्ही ऐकलंत ना आत्ता?"

"काय?"

"रेडिओवर."

"रेडिओ मी लावत नाही," ती म्हणाली. दारातून आत दिसत होता तो, कोपऱ्यात, वर फडकं टाकलेलं. "त्या दिवसापासून नाही लावला. सगळं गाव ऐकतं, मी नाही."

सगळ्या गावाला ऐकू गेलं होतं, फक्त जिच्यासाठी बोलले ती सोडून. माइकसमोर चेहरा नसतो कुणाचा, म्हणून तिथे जमलं, हे मला त्या अंगणात कळलं. मी जमिनीवर बसले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. या वेळी अडखळले, रडले, मधेच थांबले. म्हातारी शेंगा सोलायची थांबली नाही. कागद तिच्या मांडीवर ठेवला तेव्हा मात्र थांबली. त्या चांदणीवरून तिने बोट फिरवलं.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी माझ्या हातून म्हणाला?"

"हो, आजी."

मी वाट बघत होते, आता शिव्या देईल, काठी उचलेल. द्यायला हव्या होत्या. ती कागदाकडेच बघत म्हणाली, "तीन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. फोन करतो बिचारा. जेवलास का विचारते आणि ठेवून देते. आधीही ठेवायचे, पण तेव्हा पैसे वाचवायला ठेवायचे. नंतर रागाने ठेवत होते. त्याला फरक कळला असेल का गं?"

मी माझी लाज सांगून टाकायला आले होते, आणि त्यातली अर्धी त्या म्हातारीच्या पदरात पडली होती. ती तर तिची नव्हतीच.

"त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?" तिने हात पुसले. "लाव."

मी लावला. फोन बराच वेळ वाजला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला होता, आणि मग पलीकडून मलाही ऐकू आलं, "हं."

"निकानोर, जेवलास का?"

"हं."

मी बघत होते. तिने फोन ठेवला नाही.

"तोंडातल्या टाचण्या काढ आधी," ती म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचंय."

मी उठले आणि अंगणाबाहेर जाऊन उभी राहिले.